चौथ्या ओळीतला भागाकार

१८४३ साली लंडनच्या ‘सायंटिफिक मेमॉयर्स’ या ग्रंथमालेत एक मोठा तक्ता छापून आला. चार्ल्स बॅबेज यांनी ‘ॲनालिटिकल इंजिन’ नावाचं एक गणनयंत्र योजलं होतं. त्यावर लुइजी मेनाब्रेआ या इटालियन अभियंत्यानं फ्रेंचमध्ये लेख लिहिला आणि एडा लव्हलेस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. अनुवादाला त्यांनी स्वतःच्या टिपा जोडल्या. त्या मूळ लेखापेक्षा कितीतरी लांब झाल्या. शेवटच्या टिपेत बर्नूली संख्या काढायची कृती एकेक पायरी करून मांडली होती. कोणत्या खान्यातली संख्या उचलायची, तिचं काय करायचं, उत्तर कुठे ठेवायचं, सगळं त्यात होतं. पायऱ्या २५. यंत्र काही बांधून झालं नाही, पण पहिला छापील संगणक-प्रोग्राम म्हणून बहुतेक जण याच तक्त्याकडे बोट दाखवतात.

या तक्त्याच्या चौथ्या ओळीत चूक आहे.

ती समजायला फारसं गणित लागत नाही. दुसऱ्या ओळीत चौथ्या खान्यात एक संख्या तयार होते, तिसऱ्या ओळीत पाचव्या खान्यात दुसरी. लव्हलेस यांनी घेतलेल्या उदाहरणात त्या ७ आणि ९ येतात. चौथ्या ओळीत ७ ला ९ नं भागायचं आहे. छापलंय ते उलट: पाचव्या खान्याला चौथ्यानं भागा, म्हणजे ९ भागिले ७. विशेष म्हणजे त्याच ओळीत जरा उजवीकडे ‘उत्तर काय येतं’ ते सांगणारा रकाना आहे आणि तिथे अपूर्णांक अगदी बरोबर आहे, लहान संख्या वर आणि मोठी खाली. एकाच ओळीचे दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत. आज हा तक्ता एखाद्या संगणकीय भाषेत जसाच्या तसा उतरवून चालवला, तर या ओळीपासून हिशेब भरकटतो.

मराठी छापखान्यांत अशा चुका मुद्राराक्षसाच्या नावावर घालत आणि पुस्तकाला शुद्धिपत्र जोडत: पान अमुक, ओळ तमुक, अशुद्ध, शुद्ध. कादंबरीत वेलांटी चुकली तर वाचक ती मनातल्या मनात सरळ करून पुढे जातो. छापलेल्या कोडचं तसं होत नाही. कोडचा शेवटचा वाचक यंत्र असतं, आणि यंत्र मनातल्या मनात काहीच सरळ करत नाही.

प्रोग्रामिंगची कुठलीही भाषा किंवा साधन घेतलं तरी त्याबरोबर माहितीपुस्तिका येते. धंद्यातले लोक तिला डॉक्युमेंटेशन म्हणतात, घाईत नुसतं ‘डॉक्स’. वर स्पष्टीकरणाचे परिच्छेद असतात, खाली करड्या चौकटीत पाच-दहा ओळींचं उदाहरण. काम अडलेला माणूस परिच्छेदांवरून नजर फिरवतो आणि चौकटीपाशी थांबतो. ती उचलतो, आपल्या फाइलमध्ये चिकटवतो, दोन नावं बदलतो आणि पुढच्या कामाला लागतो. याला आळस म्हणणं अन्यायाचं होईल. गिरवून शिकणं ही शिकण्याची फार जुनी रीत आहे. मात्र त्यामुळेच परिच्छेदातली चूक बहुतेकदा पानावरच राहते आणि चौकटीतली चूक घरोघरी पोचते. स्वयंपाकाच्या पुस्तकात चमचाभर मिठाऐवजी वाटीभर छापलं गेलं तर करणाऱ्याचा हात डब्यातच थांबतो, कारण मीठ त्याच्या ओळखीचं असतं. उदाहरण उचलणाऱ्याला नेमकी तीच ओळख नसते. ती असती तर तो उदाहरणाकडे आलाच नसता.

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं ज्यांनी पॉलिटेक्निकला, इंजिनिअरिंगला किंवा बी.सी.एस.ला ‘सी’ भाषा शिकली, त्यांना टर्बो सीचा निळा पडदा आठवत असेल. बोरलँड कंपनीनं १९८७ मध्ये डॉससाठी हे साधन आणलं होतं आणि विंडोज घरोघरी आल्यावरही कॉलेजांच्या लॅबमधून ते हललं नाही. पुस्तकातला प्रोग्राम फळ्यावर यायचा, फळ्यावरून वहीत, वहीतून जर्नलमध्ये. जर्नलवर सरांची सही, मग एक्स्टर्नलसमोर व्हायवा. कितीतरी जर्नलांत पहिला प्रोग्राम ‘व्हॉइड मेन’नं सुरू व्हायचा. ‘सी’च्या १९८९ च्या प्रमाणकानुसार ‘मेन’ हे फंक्शन पूर्णांक परत करतं. शून्य आलं तर काम नीट पार पडलं असं ऑपरेटिंग सिस्टिमनं समजायचं. टर्बो सी ‘व्हॉइड’ चालवून घ्यायचं, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. पुढे लिनक्सवरच्या सी++ कंपायलरनं हाच प्रोग्राम सरळ नाकारला, तेव्हा अनेकांना आपण इतकी वर्षं काय गिरवत होतो ते कळलं.

‘व्हॉइड मेन’नं फारसं कुणाचं बिघडलं नाही. त्याच जर्नलांतल्या दुसऱ्या एका शब्दाबद्दल असं म्हणता येत नाही. तो शब्द ‘गेट्स’.

वापरणाऱ्यानं टाइप केलेली ओळ वाचून घेणारं हे फंक्शन. नावासाठी २० बाइटची जागा राखायची आणि ‘गेट्स’ला ती दाखवायची. जागा किती आहे ते सांगायची सोयच त्यात नाही. कुणी ४० बाइटचं नाव टाइप केलं तर उरलेला भाग शेजारच्या जागेत लिहिला जातो, तिथे काहीही असो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या ‘मॉरिस वर्म’ या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामनं इंटरनेटवरच्या यंत्रांत शिरायला ज्या वाटा वापरल्या, त्यांतली एक हीच होती. ‘फिंगर’ नावाच्या सेवेत ५१२ बाइटची जागा राखलेली होती आणि ओळ वाचायला ‘गेट्स’ होतं. २०११ च्या प्रमाणकानं हे फंक्शन ‘सी’ भाषेतूनच काढून टाकलं. तरी जुन्या पुस्तकांतून आणि त्यांवरून उतरलेल्या जर्नलांतून ते पुढच्या वर्गांच्या हाती येत राहिलं.

आता हे उदाहरण दुरुस्त करायला बसलेल्या माणसाशेजारी थोडं बसावं. ‘गेट्स’च्या जागी ‘एफगेट्स’ लिहायचं आणि सोबत जागेचा आकडा, २०, द्यायचा. दिसायला एका शब्दाची दुरुस्ती. पण ‘गेट्स’ ओळीच्या शेवटचं एंटर टाकून द्यायचं आणि ‘एफगेट्स’ तेही जपून ठेवतं. त्यामुळे आधी ‘नमस्कार, सुनीता!’ असं एका ओळीत छापणारं उदाहरण आता ‘सुनीता’ छापून खाली उतरतं आणि उद्गारचिन्ह एकटंच पुढच्या ओळीवर जाऊन बसतं. पुस्तकात खाली दिलेलं अपेक्षित उत्तर खोटं ठरलं. म्हणजे एंटर काढून टाकणारी आणखी एक ओळ हवी. ती कशासाठी आहे ते सांगणारं एक वाक्य हवं. आणि २० हा आकडा दोन ठिकाणी न लिहिता एकाच ठिकाणी नाव देऊन ठेवायला हवा, नाहीतर उद्या कुणी वरची जागा १० करेल आणि खालचा २० तसाच राहील.

एवढ्यावरही संपत नाही. देवनागरी मजकूर ‘यूटीएफ-८’ पद्धतीनं साठवला की प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्त तीन-तीन बाइट घेतो. ‘सुनीता’ला १८ बाइट लागतात, एंटर आणि शेवटचं खुणेचं शून्य धरून बरोबर २०. नाव कसंबसं मावलं. ‘ज्ञानेश्वर’ला ३० लागतात. ‘एफगेट्स’ १९ बाइट वाचून थांबतं, म्हणजे हाती ‘ज्ञाने’ येतं आणि त्यामागे ‘श’चा एक तुटका तिसरा हिस्सा, जो पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह होऊन उमटतो. मूळ उदाहरणात ‘जॉन’ हे इंग्रजी अक्षरांतलं चार बाइटचं नाव असेल तर यातलं काहीच दिसत नाही. उदाहरणात कोणाचं नाव घेतलं आहे, यावर त्यातली कोणती चूक उघडी पडेल हे ठरतं. दुरुस्ती करणाऱ्यानं असं आपल्याकडचं एक लांब नाव घालून पाहिलं तर ते उदाहरण पुष्कळ जास्त लोकांच्या उपयोगी पडेल.

या सगळ्या चुका निदान उदाहरण चालवून पाहिलं की सापडतात. काही चुका चालवूनही दिसत नाहीत. त्यांतली सर्वांत गाजलेली चूक ‘बायनरी सर्च’ची.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती घ्यावी. शब्द साठ हजारांच्या आसपास. ‘पागोळी’ शोधायचा तर पहिल्या पानापासून कुणी वाचत बसत नाही. कोश मधोमध उघडायचा. शब्द त्याच्या पुढे असेल तर मागचा अर्धा सोडून द्यायचा, मागे असेल तर पुढचा. उरलेल्याचा पुन्हा मध्य काढायचा. दर खेपेला निम्मे शब्द बाद. साठ हजारांतला कोणताही शब्द जास्तीत जास्त १६ खेपांत सापडतो. संगणकाच्या पुस्तकांत हीच पद्धत बायनरी सर्च म्हणून अगदी सुरुवातीच्या प्रकरणांत शिकवली जाते.

इतकी साधी कल्पना बिनचूक लिहिणं मात्र अवघड निघालं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी नोंदवलं आहे की ही पद्धत १९४६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली, पण कोणत्याही लांबीच्या यादीवर बरोबर चालणारी कृती प्रसिद्ध व्हायला १९६२ उजाडलं. बेल लॅब्जचे जॉन बेंटली व्यावसायिक प्रोग्रामरांच्या वर्गात हाच प्रश्न घालत. वेळ दोनेक तास, भाषा हवी ती. नंतर अर्धा तास प्रत्येकानं आपलाच कोड तपासायचा. शंभराहून अधिक जण या वर्गांतून गेले आणि त्यांतल्या ९० टक्के लोकांना स्वतःच्याच कोडमध्ये चूक सापडली. म्हणून बेंटली यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकातल्या आपल्या सदरात आणि १९८६ च्या ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या पुस्तकात हा प्रोग्राम पायरीपायरीनं बांधून दाखवला. प्रत्येक पायरी बरोबर का आहे, हेही सिद्ध करत गेले. बिनचूक कोड कसा लिहावा याचा तो वस्तुपाठच होता.

त्या वस्तुपाठात एक चूक राहिली होती, आणि तीही मध्य काढणाऱ्या ओळीत:

मध्य = (खालचा + वरचा) ÷ २

कुठल्याही शाळेत या ओळीला पैकीच्या पैकी गुण मिळतील. कागदावर संख्यांना अंत नसतो. संगणकात पूर्णांकासाठी बहुधा ३२ बिटांचं एक घर ठरवलेलं असतं आणि त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा. इथे घर भरलं की संख्या शून्यावर येत नाही, उणे बाजूच्या तळाशी जाते. समजा एखाद्या प्रचंड यादीत शोध चालू आहे. खालचं टोक दीड अब्जावर आहे, वरचं १ अब्ज ६० कोटींवर. बेरीज ३ अब्ज १० कोटी व्हायला हवी, पण घरात मावत नाही आणि तिच्या जागी −१,१९,४९,६७,२९६ मिळतात. त्याचे निम्मे −५९,७४,८३,६४८. प्रोग्राम यादीतली उणे साठ कोटींच्या आसपासची नोंद मागायला जातो. अशी नोंद कुठेच नसते.

बेंटली लिहीत होते तेव्हा एवढी यादी कुणाच्याच यंत्रात मावत नव्हती. बेरीज घराबाहेर जायला यादीत साधारण १,०७,३७,४१,८२४ नोंदी लागतात, दोनचा तिसावा घात. त्या काळच्या यंत्रांची स्मृती याच्या पासंगालाही पुरत नव्हती. म्हणून चूक तिथे असूनही तिला वावच नव्हता. कोड तोच राहिला आणि जग वाढलं.

जोशुआ ब्लॉक यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी.चे विद्यार्थी असताना बेंटली यांचं बायनरी सर्चवरचं व्याख्यान ऐकलं होतं. पुढे ‘जावा’ भाषेच्या मूळ संचातली बायनरी सर्च त्यांनीच लिहिली, आणि मध्य काढायची ओळ तीच आली. ती नऊएक वर्षं तिथे होती. मग कुणाचा तरी प्रोग्राम त्या ओळीवर कोसळला आणि तक्रार जावा बनवणाऱ्या सन कंपनीकडे गेली. २००६ साली ब्लॉक यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं. चूक आपल्या हातून झाली आहे हेही लिहिलं आणि ती कुठून आली हेही. यात बेंटली यांच्याबद्दल एकही उणा शब्द नव्हता. दुरुस्ती अशी:

मध्य = खालचा + (वरचा − खालचा) ÷ २

आधी दोन टोकांतलं अंतर काढायचं. मघाच्या उदाहरणात ते १० कोटी. त्याचे निम्मे ५ कोटी खालच्या टोकात मिळवायचे: १ अब्ज ५५ कोटी. वाटेत कुठलीच संख्या घराबाहेर जात नाही.

गोष्ट इथे संपली असती तर ती खरोखरच नीटनेटकी झाली असती. ब्लॉक यांनी त्याच लेखात ‘सी’ आणि सी++ साठी वेगळी ओळ सुचवली होती: दोन्ही टोकांची बेरीज करायची आणि मग ती बिनचिन्हाची संख्या मानून निम्मी करायची. २००८ मध्ये फिनलंडमधल्या एका अभियंत्यानं दाखवून दिलं की हीसुद्धा चूक आहे. ‘सी’च्या प्रमाणकानुसार चिन्हासहित संख्यांची बेरीज घराबाहेर गेली की पुढे काय होईल याची कसलीही हमी राहत नाही, नंतर तिला काहीही माना, उशीर झालेला असतो. बिनचिन्हाचं रूप बेरजेच्या आधी द्यायला हवं. फरक कंसाच्या जागेचा. ब्लॉक यांनी ओळ बदलली, प्रमाणकाचं कलम उद्धृत केलं आणि दाखवून देणाऱ्याचे आभार मानून तारीख घातली. साठ वर्षं जुन्या कृतीच्या दुरुस्तीलाही दुरुस्ती लागली.

बायनरी सर्चच्या या ओळीत आणखी एक धडा दडलेला आहे, आणि तो डॉक्युमेंटेशन सांभाळणाऱ्यांना रोज लागतो. दुरुस्त ओळ मूळ ओळीपेक्षा कुरूप दिसते. दोन वर्षांनी एखादा उत्साही नवखा माणूस ती वाचेल, ‘हे सोपं करून लिहिता येईल की’ म्हणेल, आणि सद्हेतूनं (खालचा + वरचा) ÷ २ परत आणेल. म्हणून दुरुस्तीशेजारी ‘बेरीज केली तर मोठ्या यादीत घराबाहेर जाते’ एवढं एक वाक्य राहायलाच हवं. ते वाक्य नसेल तर दुरुस्ती अर्धीच झाली.

मुक्त स्रोत प्रकल्पांत अशा दुरुस्तीचा रोजचा रस्ता ठरलेला आहे. ज्याला उदाहरण चुकलेलं दिसलं तो आधी ते कोऱ्या जागी, दुसरं काहीही न मिसळता चालवून पाहतो, कारण निम्म्या वेळा चूक स्वतःच्याच यंत्रावरच्या जुन्या आवृत्तीची निघते. मग प्रकल्पाची प्रत घेऊन तो बदल करतो आणि ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवतो. सांभाळणाऱ्यांना त्यात कापलेली ओळ लाल आणि घातलेली ओळ हिरव्या रंगात दिसते, जुन्या शुद्धिपत्रातल्या ‘अशुद्ध’ आणि ‘शुद्ध’ या दोन रकान्यांसारखी. चांगला दुरुस्ती करणारा तेवढ्यावर थांबत नाही. तेच उदाहरण आणखी कुठे वापरलंय का, खाली छापलेलं उत्तर जुळतंय का, वरच्या परिच्छेदात जुन्या नावाचा उल्लेख राहिलाय का, हे तो पाहतो. एका ओळीच्या बदलावर कधी कधी आठवडाभर चर्चा चालते. बाहेरच्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल, पण ती ओळ किती हातांत जाणार आहे हे सांभाळणाऱ्यांना माहीत असतं.

सर्वांत अवघड चर्चा कशावर होते? उदाहरण सोपं ठेवायचं की पुरं, यावर. डेटाबेसमधून माणूस शोधायचं उदाहरण घ्यावं. वापरणाऱ्यानं टाइप केलेलं नाव सरळ प्रश्नाच्या वाक्यात जोडून टाकलं तर दोन ओळींत काम होतं आणि नवशिक्याला लगेच कळतं. पण नावाच्या जागी कुणी अवतरणचिन्ह आणि स्वतःचा हुकूम टाइप केला, तर डेटाबेस तो हुकूमही पाळतो. याला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. नाव वेगळं पाठवायची सुरक्षित रीत फार तर एका ओळीनं वाढते. ‘खऱ्या कामात असं करू नका’ अशी तळटीप घालून जुनी रीत ठेवावी, असं काही जण म्हणतात. ते मान्य करता येत नाही. चौकट उचलणाऱ्याच्या हाती तळटीप लागत नाही.

काही उदाहरणं लिहिली तेव्हा बरोबर असतात आणि नंतर शिळी होतात. पायथन भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि ‘प्रिंट’ हे विधान फंक्शन झालं. त्याआधीच्या पुस्तकांतला जवळजवळ प्रत्येक पहिला प्रोग्राम त्या दिवसापासून नव्या आवृत्तीवर कंस नसल्यामुळे चूक दाखवत थांबू लागला. त्याहून बारीक बदल त्यानंतर झाला: जुनं पायथन ०.१ लिहून एंटर दाबलं की ०.१०००००००००००००००१ असं उत्तर द्यायचं, आणि २००९-१० च्या सुमारास आलेल्या ३.१ आणि २.७ या आवृत्त्या नुसतं ०.१ दाखवू लागल्या. संख्या तीच होती, दाखवायची रीत बदलली होती. पण ज्या ज्या उदाहरणाखाली लांबलचक उत्तर छापलं होतं ते सगळं खोटं ठरलं.

असं उदाहरण शिळं झालं हे माणसानं वाचून ओळखायचं ठरवलं तर वर्षं जातील. हे ओळखायचं काम यंत्राकडे द्यावं असं पायथनच्या टिम पीटर्स यांना वाटलं. त्यांचं ‘डॉकटेस्ट’ २००१ च्या पायथन २.१ पासून भाषेबरोबरच मिळतं. ते माहितीपुस्तिकेचा मजकूर वाचत जातं, तीन कोनी चिन्हांनी सुरू होणारी ओळ दिसली की ती चालवतं आणि खाली छापलेल्या उत्तराशी ताडून पाहतं. अक्षराचा फरक पडला तरी ओरडतं. पुढे ‘रस्ट’ भाषेनं ही सवय मुळातच लावली: कोडवरच्या टिपेत लिहिलेलं उदाहरण नेहमीच्या चाचण्यांबरोबर कंपाइल होऊन चालतं. ‘गो’ भाषेत उदाहरण हेच एक फंक्शन असतं आणि त्याच्या शेवटच्या टिपेत अपेक्षित उत्तर लिहितात. ते जुळलं नाही तर चाचणी नापास.

लव्हलेस यांच्या तक्त्यातली चौथी ओळ डॉकटेस्टनं क्षणात पकडली असती. क्रिया ९ भागिले ७ सांगते आणि उत्तराचा रकाना ७ भागिले ९. यंत्राला एवढं पुरे. बेंटली यांची ओळ मात्र डॉकटेस्टखालून सहज निसटली असती, कारण पुस्तिकेतल्या उदाहरणात कुणी एक अब्ज नोंदींची यादी देत नाही, दहाचीच देतं. तिथे ज्यानं ३२ बिटांच्या घराबद्दल विचार केला आहे असा माणूसच लागतो.

अशा माणसांची कदर करायची क्नूथ यांची स्वतःची रीत आहे. ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रामिंग’चा पहिला खंड १९६८ मध्ये निघाला. त्यांच्या पुस्तकांत चूक दाखवून देणाऱ्याला ते बरीच वर्षं २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. २५६ सेंट, म्हणजे १६ गुणिले १६. हे चेक न वटवता चौकटीत लावणारे पुष्कळ निघाले. २००८ पासून क्नूथ खऱ्या बँकेच्या चेकऐवजी ‘बँक ऑफ सॅन सेरिफ’ या काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र देतात. पुस्तकांचं शुद्धिपत्र ते स्वतः ठेवतात, पानासकट आणि ओळीसकट.

मूळ पान दुरुस्त करता येतं. त्यावरून निघालेल्या प्रतींपर्यंत दुरुस्ती पोचवायची कोणतीच वाट नाही. २०१० साली एका प्रोग्रामरनं इतरांच्या सोयीसाठी जावामध्ये दहा ओळींहून लहान उदाहरण लिहिलं: फाइलचा बाइटमधला आकार माणसाला वाचता येईल अशा रूपात, किलोबाइट-मेगाबाइटमध्ये दाखवायचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा जावाचा सर्वाधिक उचलला गेलेला तुकडा निघाला. तो हजारो प्रकल्पांत सापडला. ते कळल्यावर लिहिणाऱ्यानं आपलाच कोड नव्यानं वाचला आणि २०१९ मध्ये जाहीर केलं की त्यात चूक आहे. आकार ९,९९,९९९ बाइट असेल तर ‘१.० मेगाबाइट’ दिसायला हवं. कोड आधी एकक ठरवतो आणि मग संख्या जवळच्या दशांशात आणतो, त्यामुळे दिसतं ‘१०००.० किलोबाइट’. त्यानं मूळ उदाहरण दुरुस्त केलं. आधी उतरवून घेतलेल्या प्रती आपापल्या फाइलींत तशाच आहेत, आणि दहा लाखांना एक बाइट कमी असलेली फाइल समोर आली की त्यांतली एखादी अजूनही पडद्यावर ‘१०००.० किलोबाइट’ लिहिते.